रुबिडियमचा हिवाळा

बडनेरा मागे पडलं, की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस दिसू लागतो. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या इतक्या फुगवून भरलेल्या असतात, की जाता जाता काटे त्यातला मूठ मूठ कापूस ओरबाडून घेतात, आणि मग हिवाळाभर ती झाडं पांढरे पुंजके घेऊन उभी राहतात. परवा अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून तो कापूस दिसला. गार वारा कानात शिरत होता. मागच्या सीटवरच्या बाईने उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी सोडली, आणि त्या वासासरशी मला काही वर्षांपूर्वीचा तो एक हिवाळा आठवला, ज्यात मी जवळजवळ दर रविवारी याच रस्त्याने जात होते. विटेएवढ्या एका धातूच्या डब्यासाठी. आणि शहनाजसाठी.

शहनाज आणि मी अकोल्यात बी.एस्सी.ला एका बाकावर बसायचो. पुढे मी अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले आणि शहनाज लग्न होऊन काट्यांच्या घरात गेली. काटे म्हणजे तराजू. तिच्या सासऱ्यांचं धान्यबाजाराला लागून वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. दांड्याचे तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेव्हा तिचे पती युसूफभाई पहिल्यांदा बिचकले होते. मग एका दुपारी शहनाजने एक बंद पडलेला काटा स्वयंपाकघरात नेला, उघडला आणि चालू करून आणून दिला. तेव्हापासून दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. त्यावर सोल्डरिंगचं इस्त्रीसारखं तापणारं पेन, मीटर, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप आणि वारंवारता मोजणारा एक काउंटर. यातला एकही जिन्नस काट्यांच्या दुरुस्तीपुरता नव्हता. "काट्यायनं पोट भरते," ती म्हणायची, "हे माह्यं मन भरासाठी."

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती अमरावतीला आली ती डॉक्टरांना दाखवायला. तिचा उजवा हात कधीपासून हलत होता. तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. चहा देताना बशीत कप वाजायला लागला, तेव्हा युसूफभाईंनी ओळखलं. दवाखान्यातून ती एकटीच माझ्या घरी आली. युसूफभाई औषधं घ्यायला थांबले होते. आल्या आल्या तिने पिशवीतून ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"हे पाह्य पयले."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते सांगते मंग. पयले हे पाह्य."

तो डबा जड होता. एका बाजूला बारीक पिनांची रांग, शेजारी एक गोल जोडणी, वरचं लेबल खरवडून निघालेलं. भंगारवाल्याकडे मोबाइल टॉवरचं जुनं सामान आलं होतं. काट्यांसाठी तांब्याची तार घ्यायला गेलेल्या शहनाजला तारेऐवजी हा डबा आवडला. लेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर दोन अक्षरं वाचता येत होती. रुबिडियम या मूलद्रव्याची खूण. ती त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. ते बोट हलत होतं.

"टॉवरमंधी वेळ राखाले बसवतात," ती म्हणाली. "घड्याळाच्या स्फटिकाहून लय सच्चा. सेकंदाले एक कोटी ठोके, एकही कमीजास्त नाई. अशी वस्तू भंगारात, मनीषा. त्याले कोणी विचारलं पण नाई तू चालू आहेस का म्हणून."

मग तिने डॉक्टरांचं सांगितलं. पार्किन्सन. औषधाने बरीच वर्षं आटोक्यात राहतो, पण जात नाही. ती हे अशा आवाजात बोलली, जसा काट्याचा एखादा भाग आता बाजारात मिळत नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "रविवारी येजो. मले एकटीनं नाई उघडायचा हा."

थंडीतलं अकोलं मला नेहमीच मवाळ वाटतं. उन्हाळ्यात जे गाव भट्टीसारखं वागतं, ते नोव्हेंबरात सकाळी शाल पांघरून चहाच्या टपरीवर बसलेलं असतं. धान्यबाजारात सोयाबीनच्या पोत्यांचा कोरडा वास, जिनिंगकडून येणारा सरकीचा तेलकट वास, आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू. ते तंतू शहनाजच्या टेबलावरही बसत. डबा उघडण्याआधी तिने टेबल ओल्या फडक्याने पुसलं, दार लावून घेतलं, आणि मला हात धुवायला पाठवलं.

आत एक हिरवी पाटी, तिच्यावर दाटीवाटीने बसवलेले भाग, आणि मधोमध फोममध्ये लपेटलेली एक छोटी बंद कोठी. एखाद्या घरात देवघर असावं तशी. कागदपत्र काही नाही. कोणत्या पिनेला किती वीज द्यायची हे माहीत नाही, आणि चुकीच्या पिनेला दिली तर एका क्षणात राख. इंटरनेटवर सारख्या दिसणाऱ्या डब्यांचे फोटो होते, पण नेमका हा कुठे नव्हता.

शहनाजने घाई केली नाही. मोडीत काढलेल्या काट्याचा स्टीलचा पाट तिने उलटा ठेवला आणि खडू माझ्या हातात दिला. ती मीटरचं टोक एकेका पिनेला लावी, तांब्याच्या वाटेने कुठवर जाता येतं ते पाही, आणि मी पाटावर काढत जाई. जी पिन थेट डब्याच्या अंगाला जोडलेली, ती जमीन, म्हणजे अर्थिंग. जिच्याकडे सगळ्यात रुंद तांब्याचा पट्टा जातो, ती विजेची. पट्ट्याच्या शेवटी वीज साठवणारे मोठाले कपॅसिटर. त्यांच्यावर किती व्होल्ट सोसतील ते छापलेलं, त्यावरून किती द्यावे लागत असतील याचा अंदाज. मी वर्गात वर्षानुवर्षं हेच नियम फळ्यावर लिहीत आले होते, पण त्यांच्यावरून अशी पावलापावलाने वाट काढत कुठे पोहोचता येतं, हे मी किती दिवसांत अनुभवलं नव्हतं. शहनाजचा हात थरथरे तेव्हा मीटरचं टोक पिनेवरून घसरे. ती डाव्या हाताने उजवं मनगट धरून पुन्हा लावी. मी पाटाकडे पाहत राही.

वीज पहिल्यांदा दिली त्या रविवारी युसूफभाई दारात येऊन उभे राहिले. डब्याने सुरुवातीला बरीच वीज ओढली, मग हळूहळू कमी केली. शहनाजने तळहात वरून ठेवला. "गरम होऊन राहिला," ती म्हणाली. आत शेगडी होती म्हणजे. नेमक्या तापमानाला येईपर्यंत तिला भूक जास्त. काउंटरवर आकडे उमटले. ते स्थिर नव्हते. सावकाश वर चढत, मग सावकाश खाली उतरत, पुन्हा वर. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर हात फिरवून बटण चाचपावं तसे.

"बिघडलं आहे?" युसूफभाईंनी विचारलं.

"नाई. शोधून राहिलं."

काय शोधतंय, ते त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून जुळवलं. डब्यात मनगटी घड्याळात असतो तसाच एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो ठोके देतो, पण थंडीने, उन्हाने, वयाने जरा भरकटतो. त्याच्यावर नजर ठेवायला रुबिडियमची वाफ. एका चिमुकल्या दिव्याचा उजेड त्या वाफेतून जातो आणि पलीकडे उजेड मोजणारा एक डोळा बसवलेला असतो. स्फटिकापासून तयार केलेल्या रेडिओलहरी वाफेवर सोडतात. त्या लहरी अणूच्या स्वतःच्या ठोक्याशी अगदी तंतोतंत जुळल्या, की वाफ थोडासा जास्त उजेड पिऊन घेते आणि पलीकडच्या डोळ्याला किंचित अंधारल्यासारखं होतं. इतकं किंचित, की माणसाच्या डोळ्याला कळूही नये. तो किंचित अंधार सापडला, की स्फटिकाला तिथेच धरून ठेवायचं. आमचा डबा तो अंधार शोधत वरखाली फिरत होता आणि त्याला तो सापडत नव्हता.

हे सगळं कुणातरी माणसाला सुचलं, या विचाराने मी त्या दिवशी परतीच्या बसमध्ये भारावून बसले होते. कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं, की पृथ्वीवरची कोणतीही वस्तू झिजते, तर ठोका मोजायला न झिजणारं काहीतरी घ्यावं, आणि थेट अणूलाच विचारलं. बाहेर कपाशीच्या रानात बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या होत्या, आणि मला वाटत होतं, की खिडकीतून हात काढून त्यांनाही हे सांगावं.

पण डब्याला काही सापडेना. एक रविवार गेला, दुसरा गेला. औषधाने शहनाजला मळमळायचं. तिसऱ्या वेळी मी पोहोचले तर तिच्या अंगठ्याला पट्टी होती आणि सोल्डरिंगचं पेन टेबलावर नव्हतं. युसूफभाईंनी मला दुकानाच्या पुढच्या भागात थांबवलं.

"ताई, एक बात सांगू? तिनं हात भाजून घेतला. म्या ते पेन वर ठेवून देलं. माळ्यावर." ते काट्याच्या पारड्यावरची धूळ पुसत होते, माझ्याकडे न बघता. "तुमी तिले समजवा. तुमचं ऐकते ती. डब्बा काय, पडला राहीन. हात तिचेच आहेत न."

मला त्यांचं पटत होतं. पण मागच्या खोलीत गेल्यावर शहनाजचा चेहरा पाहिला आणि मी काही समजावलं नाही. ती रागावलेली नव्हती. पेन जिथे असायचं त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून नुसती बसली होती.

"तो चुकला नाई," ती म्हणाली. "मीच चुकली. मले वाटलं अजून काही दिवस तरी माह्यं मीच करीन." मग तिने उजवा हात समोर धरला. "डॉक्टर सांगत होते, हा हात सेकंदाले चार-पाच वेळा हलते. मले हसू आलं. म्हटलं, चला, माही पण फ्रिक्वेन्सी निघाली."

मी हसले नाही. तीच हसली, आणि मग तिने खुर्ची सरकवून मला आपल्या जागेवर बसवलं. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी तिच्याशिवाय कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं.

"हात तुह्ये," ती म्हणाली. "पण म्या सांगीन तसंच."

माझे हात वाईट होते. कॉलेजनंतर मी सोल्डरिंग असं केलंच नव्हतं. माळ्यावरून खाली आलेल्या पेनाने मी पहिला सांधा केला तेव्हा शहनाजने पाहून म्हटलं, "हा काय, शेंबूड?" आणि काढून टाकायला लावला. दुसराही काढायला लावला. तिच्या बोलण्यात दया नव्हती, आणि मला बरं वाटत होतं. कारण तशी ती बी.एस्सी.लाच बोलायची.

मधली कोठी उघडली तेव्हा आम्हाला दिवा दिसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा काचेचा फुगा. वीज दिली की मंद जांभळट उजळायचा, पण काच स्वच्छ नव्हती. तिच्या पुढच्या अंगावर चंदेरी पापुद्रा धरला होता.

शहनाज भिंग घेऊन बराच वेळ पाहत राहिली. "हाच तो," ती म्हणाली. "रुबिडियम. टॉवरवर वर्षानुवर्षं जळून जळून इकडेच चिकटलं. उजेडाच्याच वाटेत बसलंय. मंग त्या डोळ्याले काय दिसन?"

"मग आता?"

"रुबिडियम किती तापमानाले वितळते, सांग. तू शिकवतं न."

मी शोधून सांगितलं. चाळीस अंशांच्याही आत. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही. "म्हणजे मे महिन्यात इथं नुसतं ठेवलं असतं तरी पातळ झालं असतं," ती म्हणाली. "अकोल्याच्या उन्हात पातळ होणारा धातू, अना आपण थ्याले हिवाळ्यात उघडून बसलो."

उन्हाळ्याची वाट पाहायची नव्हती. गरम हवेच्या फुंकणीने काचेची पुढची बाजू तापवायची, म्हणजे पापुद्रा सुटेल, आणि मागची बाजू त्या मानाने थंड राहील, म्हणजे तो तिकडे जाऊन बसेल. सांगायला सोपं. काच तडकली, की संपलं. दुसरा दिवा मिळणार नव्हता. शहनाज माझ्या खांद्यामागे उभी राहिली. "दूर. अजून दूर. हां, आता हळूहळू जवळ. फिरवत राह्य. थांबवू नको." मी श्वास रोखून फुंकणी फिरवत होते. बाहेर हमाल ट्रकवरून पोती उतरवत होते, त्यांचा हुंकार एका लयीत येत होता. चंदेरी पापुद्रा कडेने विरघळू लागला. थेंबासारखा आकसला, आणि मग तिथे नव्हताच. काचेच्या पुढच्या अंगातून पलीकडची तार स्वच्छ दिसली.

शहनाजने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात माझ्या खांद्यावर थरथरत राहिला.

एक काम उरलं होतं. पिनांपैकी एकीवर डबा चालू केल्यापासून सारखा विजेचा दाब दिसायचा. शहनाजचा अंदाज होता, की ही पिन डब्याला ठोका सापडला की नाही ते सांगते. तिला एक बारीक लाल दिवा जोडायचा होता. मी पेन उचललं, तेवढ्यात ती म्हणाली, "हा मी करते."

युसूफभाई चहा घेऊन आले होते. त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. त्यांनी ट्रे खाली ठेवला, तिच्या शेजारी स्टूल ओढून घेतलं, आणि दोन्ही हातांनी तिचं उजवं मनगट धरलं. पारड्यात वजन ठेवताना धरतात तसं, अलगद आणि पक्कं. ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली.

"कर," ते म्हणाले. "म्या धरला आहे."

तिने सांधा केला. तो छोटा, गोल, चकचकीत होता. मी केलेल्या सगळ्या सांध्यांहून चांगला.

कोठी बंद केली, वीज दिली. लाल दिवा लागला. डबा तापू लागला, काउंटरवरचे आकडे पुन्हा वर चढू लागले, खाली उतरू लागले. चहा तसाच निवत होता. आकडे एकदा वर जाऊन आले, दुसऱ्यांदा निघाले, आणि मधेच लाल दिवा विझला.

युसूफभाईंचा चेहरा उतरला. "काहून विझला? माह्या हातानं काही..."

"विझलाच पायजे," शहनाज म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "शोधणं संपलं. सापडलं थ्याले."

काउंटरवरचे आकडे उभे होते. हलत नव्हते. आम्ही तिघं एका विझलेल्या दिव्याकडे पाहत होतो, आणि मला आठवतं, शहनाजने तोंडावर ओढणी धरली होती.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की आकडा एक कोटी नाही. शेवटचे काही अंक भलतेच आहेत. मी हिरमुसून तसं म्हटलं. तेवढ्यात खिडकीतलं ऊन सरकत काउंटरच्या पाठीवर आलं आणि ते शेवटचे अंक बदलायला लागले. शहनाजने काउंटर सावलीत ओढला. अंक हळूहळू मागे आले.

"डब्ब्याचा दिवा तर विझलेलाच आहे," ती म्हणाली. "म्हणजे तो जागचा नाई हलला. मंग हललं कोण?"

माझ्याआधी युसूफभाईंना कळलं. त्यांच्याकडे पितळी प्रमाणवजनांची लाकडी पेटी आहे. आतून मखमल, वजनाला बोट लागू द्यायचं नाही, फडक्यानेच उचलायचं. नवं वजन दुकानात आलं आणि जुना काटा त्याच्यापुढे खोटा ठरला, असं त्यांनी पाहिलेलं होतं. "म्हणजे चूक आपल्या काउंटरची," ते म्हणाले. "इतके दिवस आपण खोट्या काट्यावर तोलत होतो." काउंटरच्या आतही उन्हाने भरकटणारा साधा स्फटिकच होता. आणि त्यांनी डब्याकडे पाहिलं ते त्या पेटीकडे पाहतात तसं.

नंतर मी बऱ्याचदा विचार केला, की मला त्या हिवाळ्यात कुणाचं अधिक कौतुक वाटलं. डब्यातल्या अणूंचं तर होतंच. ते अकोल्यात, अमरावतीत, मेळघाटच्या रानात, आकाशातल्या कुठल्याही ताऱ्याजवळ सारखाच ठोका देतात, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्यांना शोधायला माणूस लागला. चुकीची पिन टाळत, भाजलेला अंगठा सांभाळत, दुसऱ्याच्या हातांवर विसंबायला शिकत शोधणारा. मी वर्गात आता वारंवारता शिकवते तेव्हा मुलांना तो विझणारा दिवा सांगते. ती लिहून घेत नाहीत, परीक्षेत येत नाही म्हणून. पण ऐकतात.

परवा अकोल्याहून परत आले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुपारी शहनाजचा फोन आला. तिचा आजार पुढे सरकला आहे. चहाचा कप आता अर्धाच भरतात, सही करायची तर युसूफभाई कागद धरतात, आणि बोलणंही जरा सावकाश झालं आहे. मी संत्री सोलत होते. फोन स्पीकरवर ठेवला.

"लाइन गेली होती," ती म्हणाली. "बॅटरी पण उतरली. डब्बा बंद पडला होता, आता लावला. लाल आहे अजून."

"बरं."

"थांबतं काय?"

"थांबते."

फोनमधून दुकान ऐकू येत होतं. ट्रॅक्टरचा हॉर्न, पोतं आपटल्याचा आवाज, कुणीतरी भाव विचारत असलेलं. दुरून युसूफभाईंनी काहीतरी विचारलं आणि ती "हाव" म्हणाली. माझ्या हाताला संत्र्याच्या सालीचा वास लागला होता. मी फोड तोंडात टाकायची तशीच धरून बसले होते. डब्यातला रुबिडियमचा दिवा म्हातारा झाला आहे, ठोका सापडायला प्रत्येक वेळी जरा जास्त वेळ घेतो, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मग तिचा श्वास सुटलेला ऐकू आला.

"विझला," शहनाज म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.